विज्ञान शिकताना श्रद्धेचं काय होतं? लॅब आवरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीसेक वर्षं मी बी.एस्सी.च्या मुलांना फिजिक्स शिकवतोय. खालचे प्रश्न लेक्चरमध्ये कुणी विचारत नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर जर्नलवर सही घेता घेता येतात, नाहीतर कॅन्टीनमध्ये चहा अर्धा झाल्यावर. एक पालकांचाही आहे. उत्तरं माझी आहेत, विभागाची किंवा विद्यापीठाची नाहीत.

विज्ञान शिकलं की देवावरचा विश्वास उडतो का?

सरसकट उडत नाही. जेम्स ल्यूबा नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं १९१४ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांना विचारलं होतं, की प्रार्थना ऐकणारा देव तुम्ही मानता का? सुमारे ४२ टक्के हो म्हणाले. १९९६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला तेव्हा उत्तर ३९ टक्क्यांच्या आसपास आलं. मधल्या ऐंशी वर्षांत पेनिसिलिन आलं, डीएनएची रचना उलगडली, माणूस चंद्रावर जाऊन आला. आकडा मात्र जवळपास जागचा हलला नाही. अगदी वरच्या फळीतल्या, राष्ट्रीय अकादमीवर निवडून गेलेल्या शास्त्रज्ञांत मानणारे फारच कमी, ७ टक्क्यांच्या आसपास, हेही खरं.

विद्यार्थ्यांपुरतं बोलायचं तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये लाखावर नव्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २००७ मध्ये त्यांतल्या काही हजारांना पुन्हा गाठलं. चर्चला जाणं कमी झालं होतं. पण जगायचं कशासाठी, दुसऱ्याच्या दुःखाशी आपला संबंध काय, असल्या गोष्टींचा विचार वाढला होता.

हे सगळं तिकडचं. आपल्या घरात ‘तू देव मानतोस का?’ असं कुणी विचारतच नाही. विचारतात ते ‘दिवा लावलास का?’, ‘चतुर्थी धरलीस ना?’ मराठीत मानणं वेगळं आणि पाळणं वेगळं. सोवळं पाळतात, सुतक पाळतात, ग्रहण पाळतात. मी जी मुलं पाहिली त्यांची ओढाताण मानण्यावरून क्वचित होते, पाळण्यावरून रोज होते. बिग बँग ऐकून कुणी रात्रभर जागलेलं मला आठवत नाही. मेसमध्ये एकादशीला अंडाकरी आली म्हणून जागलेले आठवतात.

मग बदल नेमका कधी सुरू होतो?

एस.टी.त बसल्यावर. हे थट्टेनं म्हणत नाही. घरी असताना आंघोळ झाली की देवाला नमस्कार, हा दिनक्रमाचाच भाग असतो. हॉस्टेलवर कुणी हाक मारत नाही. पंधरा दिवस नमस्कार होत नाही आणि काही बिघडत नाही. सोळाव्या दिवशी मूल स्वतःहून हात जोडतं किंवा जोडत नाही. जे होतं ते पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं असतं.

जेम्स फाउलर या अभ्यासकानं याच वळणाबद्दल लिहिलं आहे. किशोरवयातली श्रद्धा आपल्या माणसांकडून आलेली, त्यांच्यात राहण्यासाठी धरलेली असते. विशीच्या आसपास ती अंगावरून उतरवून उलटसुलट करून बघितली जाते. त्याआधी हार्वर्डमध्ये विल्यम पेरी यांनी विद्यार्थ्यांच्या दरवर्षी मुलाखती घेऊन आणखी एक गोष्ट टिपली होती. पहिल्या वर्षी मुलांना वाटतं, प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे आणि ते सरांना माहीत आहे. मग कळतं की सरांनाही माहीत नाही. तिथून ते थेट ‘ज्याचं त्याचं मत’ इथे येऊन बसतात. त्यापुढे जाऊन, खात्री पूर्ण नसतानाही एक बाजू विचारपूर्वक घेणं आणि तिची जबाबदारी उचलणं फार थोड्यांना जमतं.

‘ज्याचं त्याचं मत’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त ताप आहे. ते नम्र वाटतं, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मला विचार करायचा कंटाळा आलाय’ एवढाच असतो. भाविक मुलंही तिथेच अडकतात आणि नास्तिक मुलंही.

मत्स्य, कूर्म, वराह... दशावतार म्हणजे उत्क्रांतीच ना?

दरवर्षी किमान एकदा येणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याचे डोळे चमकत असतात. आधी पाण्यातला मासा, मग पाण्याजमिनीवरचं कासव, मग डुक्कर, मग अर्धा माणूस, मग बुटका माणूस. जुळतंय की!

जुळतंय, कारण आपण जुळवून बघतोय. कासव हा सरपटणारा प्राणी आहे, बेडकासारखा उभयचर नाही. त्या जागी बेडूक असता तर गोष्ट जास्त जमली असती. वराह सस्तन आहे, पण माणूस काही डुकरापासून झालेला नाही. दोघांचे पूर्वज फार मागे कुठेतरी एक होते, इतकंच. सिंह आणि माणूस यांच्या मधला प्राणी कधीच नव्हता. आणि खरा घोटाळा त्याच्याही आधी आहे. दशावतार एकामागून एक पायऱ्या चढत जातात. डार्विनचं झाड फांद्या फोडत जातं. त्या झाडावर माणूस शेंड्याला बसलेला नाही. त्याच्या शेजारच्या फांदीवर चिंपांझी आहे, आणि आजचा मासाही तितकाच ‘आजचा’ आहे.

यात दशावताराचा अपमान काही नाही. संकटात देव रूप घेऊन येतो ही ती गोष्ट आहे. तिला जीवशास्त्राची साक्ष कशाला हवी? मला उलट वाटतं, की ज्याला पुराणातल्या प्रत्येक गोष्टीला ‘हे तर सायन्सच आहे’ असं लेबल लावावं लागतं त्याचा पुराणावरचा विश्वास आधीच ढिला झालेला असतो. आजीला अशी लेबलं कधी लागली नाहीत.

जाता जाता: आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं २०२३ मध्ये दहावीतून उत्क्रांती काढली तेव्हा देशभरातल्या अठराशेवर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या होत्या. त्यामुळे वर्गात हा विषय निघाला की कोण कुठल्या बोर्डाचं हे मी आधी विचारून घेतो.

क्वांटम फिजिक्सनं वेदांत सिद्ध केला, असं व्हॉट्सॲपवर आलंय.

नाही केला. क्वांटम फिजिक्सचा पाया घालणाऱ्यांपैकी श्रोडिंगर वेदांत वाचत असे आणि त्याला तो मनापासून भावला होता, हे खरं. त्यांच्यातलाच हायझेनबर्ग १९२९ मध्ये कलकत्त्यात रवींद्रनाथांना भेटला, हेही खरं. पण श्रोडिंगरचं १९२६ चं समीकरण हायड्रोजनच्या वर्णपटाशी, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या रेषांशी ताडून पाहिलं गेलं, उपनिषदांशी नाही. अद्वैताशी ते जुळलं नसतं तरी चाललं असतं. वर्णपटाशी जुळलं नसतं तर त्याच दिवशी केराच्या टोपलीत गेलं असतं.

आणि ‘पॉझिटिव्ह एनर्जी’ म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो: किती ज्यूल?

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. विज्ञानाच्या विभागात हे चालतं का?

आमच्याकडे होते. लॅबचे मामा आदल्या संध्याकाळीच झेंडू आणून ठेवतात. सकाळी सोडियम लॅम्पपासून सीआरओपर्यंत सगळ्यांना एकेक फूल, ताटात हळद-कुंकू, अक्षता, पेढे. पहिल्या वर्षी मी थोडा घाबरून बघत होतो, कारण स्पेक्ट्रोमीटरच्या व्हर्नियरवर कुंकू सांडलं की ते वर्षभर निघत नाही. पण मामांचा नियम माझ्यापेक्षा कडक निघाला. ‘बोट पेटीला लावायचं, काचेला नाही.’ सगळ्या उपकरणांची लाकडी खोकी ओळीनं मांडलेली आणि कुंकू त्या खोक्यांवर. प्रिझम फडक्यात गुंडाळून आतच. ज्या माणसाच्या हातून वर्षभरात एक लेन्स फुटत नाही, त्यानं खोक्याला कुंकू लावलं तर माझी तक्रार नाही.

एका वर्षी मात्र टी.वाय.ची एक मुलगी दारातच उभी राहिली. हुशार, वर्गात पहिली येणारी. मला वाटलं, तत्त्व म्हणून येत नसेल, आणि मनात जरा कौतुकच वाटलं. पेढा बाहेर नेऊन दिला तर तिनं तोही घेतला नाही. शेजारच्या मॅडमना हळूच म्हणाली, ‘मला चालत नाही आज.’ आदल्या दिवशी दुपारभर त्याच स्पेक्ट्रोमीटरचे लेव्हलिंग स्क्रू फिरवून तिनं सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या करून दाखवल्या होत्या. तेव्हा यंत्र बाटलं नव्हतं. एका फुलानं ते देव झालं आणि ती बाहेर गेली.

तेव्हापासून पूजा चालावी का, या प्रश्नावर माझं उत्तर असं आहे: ज्याला यायचं त्यानं यावं, हजेरी लावायची नाही, आणि ज्या पाळण्यामुळे कुणाला दाराबाहेर उभं राहावं लागतं ते आमच्या लॅबमध्ये पाळायचं नाही. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मी कुठं काय बोललो होतो तिला?’ ते खरंच काही बोलले नव्हते. ते तिला कुणी फार लहानपणी सांगून ठेवलं होतं.

ग्रहणात आईचा फोन येतो. काय सांगू?

२६ डिसेंबर २०१९. केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आम्ही गच्चीवर होतो. झाडाच्या सावलीत प्रत्येक कवडशाची चंद्रकोर झालेली, मुलं त्यात हात धरून फोटो काढत होती. एका मुलाचा फोन वाजला. ‘हो आई, खोलीतच आहे. हो, काही खाल्लं नाही.’ तोंडात वेफर होता.

ग्रहणाचं स्पष्टीकरण देणं सोपं आहे, आणि ते परकंही नाही. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय, की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. तरी १९८० च्या फेब्रुवारीतल्या ग्रहणाला लोक दारंखिडक्या लावून घरात बसले होते. त्या मानानं वेफर खात खोटं बोलणारा मुलगा ही प्रगतीच म्हणायची. पण मला ते खोटं खटकतं. त्यात आईला ग्रहण समजण्याची संधीच मिळत नाही, आणि मुलगा एक आयुष्य घरी आणि दुसरं हॉस्टेलवर जगायला शिकतो. चंद्रकोरींचा फोटो पाठवा. रागावेल, मग शेजारणीला दाखवेल.

इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी तिरुपतीला जातात. मग आम्ही परीक्षेआधी दगडूशेठला गेलो तर काय बिघडलं?

काहीच बिघडत नाही. फक्त उदाहरण पूर्ण घ्या. २०१९ मध्ये चांद्रयान-२ आधीही तिरुपतीला जाऊन आले, २०२३ मध्ये चांद्रयान-३ आधीही. पहिल्या वेळी ७ सप्टेंबरला लँडर कोसळला, दुसऱ्या वेळी २३ ऑगस्टला उतरला. दर्शन दोन्ही वेळा झालं होतं. मधल्या चार वर्षांत बदललं ते इतर: पाय मजबूत केले, सॉफ्टवेअर बदललं, उतरायची जागा ५०० मीटर लांब-रुंद होती ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. काय काय चुकू शकेल याची यादी करून त्यावर डिझाइन केलं. पडल्यावर त्यांनी नवस वाढवला नाही, जागा वाढवली.

देवळात जाऊन मन थाऱ्यावर येत असेल तर जरूर जा. येताना लायब्ररी लागते वाटेत.

श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत रेघ कुठे ओढायची?

महाराष्ट्रात हा वाद जाहीर सभांत झालेला आहे, म्हणून इथे आपण भाग्यवान. डॉ. श्रीराम लागू म्हणत, रेघ नाहीच. श्रद्धा ही मुळातच तपासणी नाकारते, म्हणून सगळीच अंध. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच व्यासपीठावर बसून म्हणत, देव मानण्याचा अधिकार घटनेनं दिलेला आहे, आमचं भांडण शोषणाशी आहे. दोघांनी गावोगाव हा वाद-संवाद केला, तोही एकाच संघटनेसाठी पैसे उभे करत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. देवपूजा, वारी, कीर्तन यांना तो हात लावत नाही.

कायद्याआधी साडेतीनशेहून जास्त वर्षं तुकोबा विचारून गेलेत: ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती ।।’ म्हणजे रेघ ओढायला नास्तिक असावं लागतं असंही नाही.

मला स्वतःला व्याख्येपेक्षा चाचणी आवडते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची घेतली तशी. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिष्याला दिल्या आणि विचारलं, कुठली कुणाची? उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. या प्रयोगात मला विशेष आवडतं ते हे, की ज्योतिष्यांची कुणी टवाळी केली नाही. त्यांना रीतसर बोलावलं, अटी आधी सांगितल्या. तुमच्या घरातली जी गोष्ट तपासता येण्यासारखी आहे ती अशीच तपासा. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवल्यावर आजोबांना काय वाटतं, ती तपासायची गोष्ट नाही. तिथे टाचणी घेऊन जाऊ नका.

हे सगळं हिंदू घरांपुरतं झालं. माझं घर तसं नाही.

बरोबर. वसई किंवा गोव्याकडून आलेल्या कॅथलिक मुलांना चर्चनं गॅलिलिओला दिलेली १६३३ ची शिक्षा तोंडपाठ असते. पण आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा होता आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा लमेत्र धर्मगुरू होता, हे त्यांना सहसा कुणी सांगितलेलं नसतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना नाही असं मान्य केलं.

मुस्लिम मुलांशी बोलताना मी अब्दुस सलाम यांचं नाव काढतो. १९७९ चं नोबेल, आणि निसर्गातली बलं एकच असावीत ही ओढ त्यांच्या श्रद्धेतूनही आलेली. ते अहमदिया होते, आणि या पंथाला पाकिस्तानचा कायदा मुस्लिम मानत नाही, म्हणून त्यांच्याच देशात त्यांच्या थडग्यावरचा ‘मुस्लिम’ हा शब्द खोडला गेला. विज्ञान आणि धर्म यांचं भांडण म्हणून जे समोर येतं ते पुष्कळदा धर्मातल्या धर्मात चाललेलं असतं.

आणि बौद्ध घरातली मुलं तर मलाच शिकवतात. ‘सर, आमच्यात हा प्रॉब्लेमच नाही,’ असं एक जण म्हणाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आजोबांनी देव सोडले ते फिजिक्स शिकून नव्हे. माणूस म्हणून उभं राहता यावं म्हणून. त्याच्यासाठी बुद्धिवाद हाच वारसा आहे. त्याची अडचण उलटी: विपश्यनेत जे अनुभवलं त्याबद्दल घरी बोलावं तर, ‘हे काय आता नवीन?’

मी नास्तिक झालोय. घरी सांगू?

सांगा, पण गणपतीच्या दहा दिवसांत नको. आगरकरांनी मतं लपवली नाहीत. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. त्यांच्यानंतर काही वर्षांनी फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले रँग्लर परांजपे उघड नास्तिक होते आणि लोक आपली मुलं त्यांच्याकडे पाठवत राहिले. तुमच्या घरी बहुधा दोन्हींच्या मधलं काहीतरी होईल. आरतीला उभं राहिलात तर तत्त्व बुडत नाही. टाळ वाजवता येत असेल तर वाजवा.

(पालकांकडून) मुलगी एम.एस्सी.ला गेल्यापासून देवळात येत नाही. तुम्ही काय शिकवता?

थर्मोडायनॅमिक्स. तिला ‘का येत नाहीस’ विचारू नका, ‘सध्या काय वाचतेस’ विचारा.

सर, तुमचं काय? तुम्ही मानता का?

हा प्रश्न नेहमी शेवटी येतो, जर्नल मिटल्यावर. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा मी कॉलेजात होतो. दुपारी आजीला घेऊन देवळात गेलो, रांग रस्त्यापर्यंत. आमची पाळी आली, आजीनं चमचा सोंडेला टेकवला, दूध खरंच गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी. मी खाली बघत होतो. पांढऱ्या संगमरवरावर दुधाचा पातळ ओघळ, पायथ्याशी ओली फरशी, आणि पुजारी दर दहा मिनिटांनी फडकं मारतोय.

घरी आल्यावर देव्हाऱ्यातला पितळी गणपती घेतला, चमचाभर दुधात चिमूटभर कुंकू घातलं आणि सोंडेला टेकवलं. पृष्ठताणानं दूध चमच्याबाहेर ओढलं गेलं आणि लाल रेघ सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर आली. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून हेच दाखवलं, हे मला नंतर पेपरात कळलं. तेव्हा मी फार खुशीत आजीला हाक मारली. तिनं चष्मा लावला, वाकून ती लाल रेघ नीट बघितली, आणि म्हणाली, ‘हं. दुपारी मलाही खाली ओलं दिसलं होतं. आता ते पुसून घे, मुंग्या येतील.’